योजना लागू होते. पण ती लागू पडते का?

मराठीत औषध ‘लागू पडते’ आणि योजना ‘लागू होते’. औषध लागू पडले म्हणजे ताप उतरला, धाप थांबली, रोगी उठून बसला. योजना लागू झाली म्हणजे शासन निर्णय निघाला, निधीची तरतूद झाली आणि रुग्णालयाच्या दाराशी फलक लागला. या दोन क्रियापदांमधले अंतर मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचे वाटते. नवीन गोळी बाजारात आली की ती किती जणांना दिली, यावरून कोणी तिची किंमत ठरवत नाही. ती घेणाऱ्यांचे आणि न घेणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे आपण विचारतो. आरोग्य योजनेच्या बाबतीत मात्र लाभार्थी किती आणि खर्च किती झाला, एवढे कळले की आपले समाधान होते. लाखो माणसांवर एकाच वेळी केलेला हा उपचारच आहे, आणि तो लागू पडला की नाही हे शोधण्याच्या रीती माहीत असूनही त्या फारशा वापरल्या जात नाहीत. त्या रीती कोणत्या आणि आपल्या भागात त्यांतून काय हाती लागले, ते या लेखात सांगतो.

सुरुवात डॉक्टरांच्या जुन्या चुकीपासून केली पाहिजे. साध्या सर्दी-तापाचा रोगी तिसऱ्या दिवशी येतो, आपण औषध देतो, सातव्या दिवशी तो बरा होतो आणि श्रेय औषधाला मिळते. औषध न देताही तो सातव्या दिवशीच बरा झाला असता. आधी काय होते आणि नंतर काय झाले, एवढ्यावरून निष्कर्ष काढला की अशी फसगत होते, आणि योजनांच्या बाबतीत ती अधिक मोठ्या प्रमाणावर होते. एखाद्या भागात एका वर्षी बालमृत्यू फार वाढतात, ओरड होते, पथके जातात, आणि पुढच्या वर्षी आकडा खाली येतो. त्यातला काही भाग पथकांच्या कामाचा असेल. पण फार वर गेलेला आकडा पुढच्या वर्षी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततोच, कारण तो वर जाण्यात योगायोगाचा वाटा असतो. उलटही घडते. एखादा प्रामाणिक कार्यक्रम सुरू झाला की पूर्वी नोंदच न होणारे मृत्यू कागदावर येऊ लागतात आणि चांगल्या कामामुळे मृत्यू वाढल्याचा भास होतो. म्हणून शेजारी तुलनेसाठी, योजना न मिळालेला पण बाकी सर्व बाबतींत तसाच गट हवा. आणि दोन्ही गट खरोखर सारखे असावेत यासाठी कोण कोणत्या गटात जाईल हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. संशोधनाच्या भाषेत याला यादृच्छिक निवड म्हणतात. आपण साधेपणाने सोडत म्हणू.

सोडतीचा हा उपयोग आपल्या देशात नवा नाही. १९५६ मध्ये मद्रास शहरात क्षयरोगावरील औषधोपचाराचे केंद्र सुरू झाले, तेव्हा वैद्यकाची ठाम समजूत अशी होती की क्षयरोग्याला महिनोन्‌महिने आरोग्यधामातच ठेवले पाहिजे. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न यांशिवाय तो बरा होणार नाही. देशातल्या क्षयरोग्यांच्या संख्येपुढे खाटा मूठभर होत्या, त्यामुळे या समजुतीचा प्रत्यक्ष अर्थ असा होत होता की बहुसंख्य रुग्णांना उपचारच मिळणार नाहीत. केंद्राने १९३ रुग्णांची सोडतीने दोन गटांत विभागणी केली आणि एकाच प्रकारची औषधे एका गटाला आरोग्यधामात, तर दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या, अर्धपोटी घरांत दिली. वर्षअखेरीस बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. या एका तुलनेने क्षयरोगाचे धोरण बदलले. रोगी घरी राहून औषध घेऊ शकतो, हे आज आपण गृहीत धरतो. ते गृहीत धरता येते याचे कारण त्या काळच्या तज्ज्ञांनी आपली समजूत चुकीची ठरू शकेल अशा परीक्षेला ती बसवली.

आता आपल्या राज्याकडे येऊ. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व जिल्ह्यांत नेण्यात आली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार नोंदणीकृत रुग्णालयांत मोफत मिळत. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार केवळ पैशांअभावी सोडून घरी निघालेले रोगी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या योजनेने काय दिले हे समजावून सांगावे लागत नाही, आणि मीही तिच्याकडे त्याच कृतज्ञतेने पाहतो. पण आठ जिल्हे आधी आणि बाकीचे जवळजवळ दीड वर्षाने, हा क्रम ठरवताना एक गोष्ट सहज करता आली असती. ते आठ जिल्हे सोडतीने काढले असते, तर त्या दीड वर्षात योजनेतल्या आणि योजनेबाहेरच्या जिल्ह्यांची थेट तुलना झाली असती: किती मृत्यू टळले, किती कुटुंबांचे कर्ज वाचले, विनाकारण शस्त्रक्रिया वाढल्या का. टप्पे पडणारच होते. त्यामुळे सोडतीने कोणाचेही नुकसान झाले नसते आणि तिजोरीवर वेगळा भारही पडला नसता. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांसाठीची ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू करताना ५०६ वस्त्यांच्या बाबतीत नेमके हेच केले. ३२० वस्त्यांना आधी लाभ मिळाला, १८६ वस्त्यांना नंतर, आणि त्या मधल्या काळातून जे कळले त्यावर पुढे अनेक देशांनी आपापल्या योजना रचल्या.

शेजारच्या कर्नाटकात २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री ही गरिबांसाठीची योजना उत्तरेकडील जिल्ह्यांत आधी आणि दक्षिणेत नंतर आली. सोडत तिथेही नव्हती. पण संशोधकांनी एक चतुर वाट काढली. योजना जिथे संपते त्या सीमेच्या दोन्ही बाजूंची, एकमेकांसारखी गावे त्यांनी निवडली. पाऊस तोच, पिके तीच, भाषा तीच. फरक फक्त योजनेचा. ज्या आजारांवर योजनेतून उपचार होऊ शकत होते, त्यांनी मृत्यू झालेल्या गरीब कुटुंबांचे प्रमाण योजनेतल्या गावांत ०.३२ टक्के आणि सीमेपलीकडे ०.९० टक्के आढळले. म्हणजे ६४ टक्क्यांची घट.

आकडा उत्साहवर्धक आहे, पण मला तो तसाच स्वीकारवत नाही, आणि त्याचे कारण सांगणे हाच पुरावा वाचण्याचा धडा आहे. योजनेखाली प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांची संख्या गावामागे थोडी असते. तेवढ्यांच्या उपचाराने मृत्यू जवळपास दोन तृतीयांशांनी कमी व्हावेत, हे वैद्यकीय अनुभवाशी सहज जुळत नाही. सीमारेषा सोडतीने पडलेली नव्हती, त्यामुळे दोन बाजूंत न दिसणारा एखादा फरक राहून गेला असेल, अशी शंका उरते. दुसरीकडे, योजनेतल्या रुग्णालयांना गावात जाऊन आरोग्य शिबिरे घ्यावी लागत, आणि तिथे हृदयविकार किंवा कर्करोग वेळेत सापडण्याची संधी वाढत असे. ही बाजू आकड्याला बळ देते. दिशा बहुधा खरी आहे आणि परिणामाचा आकार मोजण्यात अतिशयोक्ती असू शकते, असे माझे मत आहे. असे अर्धे होकारार्थी उत्तर पत्रकार परिषदेत देता येत नाही, हे मी समजतो. पण धोरण ठरवणाऱ्याला ते पेलता आले पाहिजे.

याच कर्नाटकात काही वर्षांनी खरी सोडत असलेली परीक्षाही झाली. २००८ पासून चाललेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचा दाखल होऊन घ्यावयाचा उपचार मिळत असे. संशोधकांनी १०,८७९ कुटुंबांत सोडत काढून काहींना हा विमा मोफत दिला, काहींना विकत घेण्याची संधी दिली, काहींना काहीच दिले नाही, आणि सुमारे साडेतीन वर्षे त्यांचा मागोवा घेतला. विमा मिळालेल्यांपैकी अधिक लोक रुग्णालयात गेले. पण तब्येतीच्या मोजलेल्या बहुतेक बाबींत दोन गटांत फरक दिसला नाही. कार्ड हातात असूनही ते कसे वापरायचे हे न कळल्याने किंवा रुग्णालयाने ते न स्वीकारल्याने अडलेलेही अनेक होते.

मग खरे काय मानायचे? दोन्ही खरे असू शकते, कारण दोन योजना एकसारख्या नव्हत्या. पहिली मोठ्या, जीवघेण्या आजारांवरची होती आणि शिबिरांतून रोगी शोधत होती. दुसरी लहानमोठ्या दाखल उपचारांची होती आणि रोग्याने स्वतः यावे अशी वाट पाहत होती. माझ्या दवाखान्यात येणारा पन्नाशीचा उच्च रक्तदाबाचा रोगी डोळ्यांपुढे आणला की हा फरक स्पष्ट होतो. त्याला दररोज एक स्वस्त गोळी आयुष्यभर लागते. ती बाह्यरुग्ण विभागात मिळते, विम्यात नाही. महिनाभराच्या गोळ्या संपल्या, मजुरी बुडवून तालुक्याला जाणे जमले नाही, बरेही वाटत होते, म्हणून त्याने औषध सोडले. आणि एका सकाळी त्याचे अर्धे अंग लुळे पडले. आता तो दाखल होऊ शकतो, कार्ड चालते, खर्च भागतो. विमा लागू झाला, पण त्या माणसाला लागू पडेल असा उपचार त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी कमी पैशांत गावातच मिळायला हवा होता. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणाऱ्या पैशांचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट स्वागतार्ह आहे. तरीही जो ३९ टक्के भार उरला आहे, त्यात बाहेरून घेतलेल्या औषधांचा मोठा हिस्सा आहे, आणि दाखल रुग्णांपुरता मर्यादित विमा त्याला हात लावत नाही.

पुराव्याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा गडचिरोलीकडे वळतो. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांचे मृत्यू रोखायचे तर बाळ रुग्णालयात आले पाहिजे, असे त्या काळचे वैद्यकशास्त्र सांगत होते. आणि गडचिरोलीच्या गावांत बाळंतपणे घरीच होत होती, रुग्णालय लांब होते आणि रूढीनुसार बाळंतीण व बाळ घराबाहेर पडत नसत. म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, आणि गरज पडल्यास तोंडावाटे औषधासोबत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. शेवटची गोष्ट ऐकून अनेक बालरोगतज्ज्ञ अस्वस्थ झाले, आणि त्यांची काळजी रास्त होती. कमी शिकलेल्या स्त्रीच्या हातात सुई देण्याआधी पुरावा मागितलाच पाहिजे.

तो पुरावा त्यांनी दिला. ३९ गावांत ही सेवा सुरू झाली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली, जिथे नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि मृत्यूची काटेकोर नोंद झाली, आणि मला वाटते या सबंध कामाचा कणा ती नोंदच आहे. १९९३ ते १९९५ या पायाभूत काळात हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू सेवा मिळणार असलेल्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, पहिल्या गावांत ते २५.५ वर आले आणि तुलनेच्या गावांत ५९.६ वर राहिले. तुलनेची गावे नसती तर कोणीही म्हणू शकले असते की रस्ते झाले, शिक्षण वाढले, काळ बदलला, म्हणून मृत्यू घटले. काळ तुलनेच्या गावांतही तेवढाच बदलला होता आणि तिथले मृत्यू हलले नव्हते. इथेही गावांची वाटणी सोडतीने झालेली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. पण सुरुवातीची जवळजवळ सारखी पातळी आणि नंतरची एवढी मोठी तफावत पाहता मला शंकेला जागा दिसत नाही.

हा निकाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर महाराष्ट्रातल्या इतर सात ठिकाणी अन्य संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात ही पद्धत वापरून पाहिली, आणि तिथेही नवजात मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात बालसेवा देशभर सुरू केली: रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि सर्व भेटी पूर्ण झाल्यावर आशाला अडीचशे रुपये. गावातल्या एका प्रयोगातून राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला, याचा मराठी माणूस म्हणून मला मनापासून अभिमान वाटतो. पण इथेच एक अवघड प्रश्न येतो. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हाती इंजेक्शन दिले गेले नाही. जंतुदोषाची शंका आल्यास बाळाला पुढे पाठवावे, असे ठरले. गडचिरोलीत शिकवलेल्या गावातल्या स्त्रीला, म्हणजे आरोग्यदूताला, नियमित प्रशिक्षण आणि तिच्या शेजारी बसून काम तपासणारी माणसे मिळत. देशभरातल्या आशेला तसा आधार सगळीकडे मिळत नाही, आणि तिच्या खांद्यावर इतर डझनभर कामेही असतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने इंजेक्शन वगळण्यामागे कारणे असतील. मात्र इंजेक्शन आणि देखरेख दोन्ही कमी केल्यावर उरतो तो वेगळा उपचार आहे, आणि गडचिरोलीचे आकडे त्याला जसेच्या तसे जोडता येत नाहीत. अर्ध्या मात्रेत दिलेले औषध पूर्ण मात्रेच्या चाचणीवर हक्क सांगू शकत नाही. मोठ्या प्रमाणावर पसरवलेल्या कार्यक्रमाचीही नव्याने परीक्षा व्हायला हवी.

काय मोजायचे, हेही पुराव्याच्या शिस्तीतच येते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत रुग्णालयात बाळंत होणाऱ्या मातेला पैसे मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या रुग्णालयातील बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्के झाले. त्याच काळात नवजात मृत्युदर हजारी ३९ वरून २४.९ वर आला. घट मोठी आहे, पण रुग्णालयातील बाळंतपणे ज्या वेगाने वाढली त्या वेगाने मृत्यू घटले नाहीत. बाळंतपण रुग्णालयाच्या छताखाली झाले म्हणजे ते कुशल हातांनी झाले, असे होत नाही. तिथे रक्त आहे का, रात्री डॉक्टर आहे का, बाळाला श्वास देणारी पिशवी चालते का, यावर आईचा आणि बाळाचा जीव ठरतो. आपण मोजलेली गोष्ट सुधारली आणि ती सुधारावी म्हणून यंत्रणेने मनापासून काम केले. जी मोजली नाही ती मागे राहिली.

पुरावा हातात असून तो वापरला न जाण्याचे दुःखही महाराष्ट्राच्याच मातीतले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ समूह करून त्यांची सोडतीने चार गटांत वाटणी झाली, आणि तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. २००९ मध्ये निकाल आला: हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. तपासणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. तपासणीविना ठेवलेल्या त्या चौथ्या गटाबद्दल पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते मला बाजूला सारता येत नाहीत. तुलना हवी, पण तुलनेत राहणाऱ्या बाईला आपण काय नाकारतो आहोत हे तिला तिच्या भाषेत, पूर्णपणे कळलेच पाहिजे. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या योजनेतली सोडत मला अधिक न्याय्य वाटते ती याचसाठी. तिथे प्रत्येकाची पाळी येणार असते. आणि ज्या स्त्रियांनी या ज्ञानाची किंमत मोजली, त्यांच्या ऋणातून आपण उतराई झालेलो नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही कर्करोग तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले.

सुधारणा म्हणून मला जे हवे आहे ते फार मोठे नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी यंत्रणा स्थापन झाली. एखादी तपासणी, औषध किंवा उपकरण सरकारी पैशांत घ्यावे का, याचा हिशेब ती मांडते. असेच काम राज्यपातळीवर योजनांसाठी व्हावे, आणि ते करणारी मंडळी योजना राबवणाऱ्या विभागाच्या हाताखाली नसावीत. प्रत्येक नव्या योजनेच्या शासन निर्णयात ती कशाने मोजली जाईल आणि कोणाशी तुलना होईल, हे लाभार्थींच्या पात्रतेइतक्याच स्पष्टपणे लिहिलेले असावे. निकाल विरोधात गेला तरी तो प्रसिद्ध व्हावा.

आणि टप्पे पडणार असतील तर ते सोडतीने पडावेत. लोकांना हे रुचणार नाही, असे अनेकदा सांगितले जाते. पण महाराष्ट्राला सोडत नवी नाही. म्हाडाची घरे सोडतीने मिळतात, शिक्षण हक्क कायद्याखालचे शाळाप्रवेश सोडतीने होतात, प्रभागांच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या भर सभागृहात शाळकरी मुलांच्या हातून काढल्या जातात आणि हरलेला उमेदवारही त्या चिठ्ठीला मान देतो. पुढची आरोग्य योजना काही जिल्ह्यांतच आधी सुरू होणार असेल, तर छत्तीस जिल्ह्यांच्या छत्तीस चिठ्ठ्या तशाच सर्वांसमोर एका भांड्यात टाकता येतील.